डिकीतला नारळ

मेंबरांच्या स्कूटरच्या डिकीत एक नारळ कायम असायचा. नारळ, कुंकवाची डबी, लाल रिबिनीचं भेंडोळं आणि एक कात्री. पाय ठेवायच्या जागी गोणपाटात गुंडाळलेली कुदळ. पेट्रोल पंपावर सीट उचललं की पोरं बघत राहायची.

"मेंबर, कुठं लग्नाला का?"

"भूमिपूजनाला."

"कशाच्या?"

"ते अजून ठरायचंय," मेंबर म्हणायचे आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं झाकण लावायचे.

पोरं हसायची. पण हसण्यासारखं काही नव्हतं, कारण ह्या माणसाचं एक भूमिपूजन खरोखर चोरीला गेलं होतं. गटाराच्या कामाचं. पत्रिका छापलेल्या, मांडव घातलेला, सकाळी दहाची वेळ दिलेली. मेंबर माणसं घेऊन पोचले तर तिथं फुटक्या करवंट्या पडलेल्या आणि खोबऱ्याला मुंग्या लागलेल्या. ठेकेदार हात जोडून म्हणाला, "साहेब, पूजा तर झाली की. शेठ येऊन गेले. फोटोबिटो काढून गेले." मेंबरांनी देवळाजवळून दुसरा नारळ आणवला आणि त्याच खड्ड्यावर पुन्हा फोडला. त्या गटाराची दोनदा पूजा झालेली आहे आणि ते अजून तुंबतं. तेव्हापासून नारळ डिकीत.

आता शेठ कोण आणि मेंबर कोण, ते सांगायला हवं. आमच्याकडे एका प्रभागाला चार नगरसेवक. त्या वेळी चौघंही एकाच पक्षाचे निवडून आले होते. बाहेरच्याला वाटेल, एका पक्षाचे म्हणजे भांडण कशाला? कपाळ माझं! दुसऱ्या पक्षाशी भांडायला निदान मुद्दा तरी लागतो, आपल्यातल्याशी भांडायला फोटो पुरतो. चौघांतल्या दोघी बायका शहाण्या होत्या, त्या आपापल्या गल्ल्यांची कामं गुपचूप उरकून घ्यायच्या. उरलेले दोघं म्हणजे मेंबर आणि शेठ. सख्खे चुलतभाऊ. वाळू-सिमेंटच्या धंद्यामुळे एकाला सगळे शेठ म्हणायचे, आणि मेंबरांना मेंबर म्हणायचे कारण ते पहिल्यांदा निवडून आले तेव्हा त्यांना तो शब्द फार आवडला होता. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. सभागृहात सुद्धा महापौरांकडे बघून एकमेकांना उत्तरं द्यायचे.

मी फ्लेक्सवाला. थेरगावच्या बाजूला, डांगे चौकातून आत वळलं की एका गावठाणात देवळासमोर छोटा चौक आहे, तिथं माझं दुकान. नेमकं कुठलं गावठाण ते सांगत नाही, मला अजून धंदा करायचाय. माझे अब्बा पेंटर होते. दुकानाच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रकच्या मागचे मोर. मी ब्रश कधी धरला नाही, माउस धरला. पण मेंबर मला पेंटरच म्हणाले, गाव सोडेपर्यंत. हल्ली ते मुलाकडे चाकणला राहतात, मुलगा तिथं कंपनीत सुपरवायझर आहे. दुकानासमोर जुनी स्कूटर थांबल्याचा आवाज आला की मी अजून मान वर करतो.

मेंबरांची उमर आकुर्डीला एका कंपनीत मशीनवर गेली. कंपनी सुटली तरी कंपनी अंगातून गेली नाही. "फर्स्ट शिफ्टला गटारं बगायची, सेकंडला मानसं," असं त्यांचं चालायचं, आणि खरंच सकाळी सहाला ते चेंबरची झाकणं उचलून बघत फिरायचे. खिशात व्हर्नियर कॅलिपर. हो, कंपनीतलं, माप घ्यायचं. मी फ्लेक्सचं डिझाइन स्क्रीनवर लावलं की ते कॅलिपर काढायचे आणि माझ्या मॉनिटरवर टेकवून आधी स्वतःचं थोबाड मोजायचे, मग शेठचं.

"पेंटर, ह्यो टॉलरन्सच्या भायेर हाय. येवढा फरक चालत न्हाई."

"मेंबर, शेठचा चेहराच मोठा आहे, मी काय करू?"

"मग त्येला बारीक कर. न्हाईतर मला जवळून धर."

मी दात-ओठ खायचो. ह्या माणसानं माझा एक अख्खा मॉनिटर ओरखडे काढून वाया घालवला. पण वर म्हणायचे काय, तर "फोटो म्हंजी सातबारा, पेंटर. ज्याचं नाव हाय त्याची जमीन."

खोड्यांची तर गिनती नाही. एकदा शेठच्या वाढदिवसाला मेंबर स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, "भावाचा वाढदिवस हाय, झकास फ्लेक्स कर." मला गहिवरून आलं. फोटोही त्यांनीच आणला होता. चौकात फ्लेक्स चढला आणि त्याच दिवशी पक्षाचे मोठे नेते गावात आले. फोटोत शेठच्या गळ्यात उपरणं होतं ते दुसऱ्या पक्षाचं, शेठ आधी त्या पक्षात होते तेव्हाचं! वर मोठ्या अक्षरांत 'निष्ठावंत'. नेत्यांनी गाडीची काच खाली करून ते नीट वाचलं. शेठ पुढं कितीतरी दिवस प्रत्येकाला समजावत फिरत होते. मेंबर माझ्या दुकानात बसून चहा पीत होते, आणि चहा नाकात जाईस्तोवर हसत होते.

शेठनी ह्याचं उट्टं बाकड्यावर काढलं. चौकात मेंबरांच्या निधीतून एक सिमेंटचं बाकडं बसवलेलं होतं, टेकायच्या बाजूला पाठीवर ठळक नाव. ते होतं शेठच्या घराच्या भिंतीपाशी. एके दिवशी शेठनी गडी लावून बाकडं उलटं फिरवलं. आता बसणाऱ्याचं तोंड भिंतीकडे आणि नावही भिंतीकडे. रस्त्यावरून दिसते ती फक्त कोरी पाठ. मेंबरांनी महापालिकेत तक्रार केली. बाकडं हललेलं नाही, जागेवरच आहे, असं उत्तर आलं.

गंमत अशी की त्याच उलट्या बाकड्याचा मेंबरांना सगळ्यात जास्त उपयोग झाला. जिजीमुळं.

जिजी म्हणजे शेठची आई, मेंबरांची चुलती. मेंबरांची आई ते लहान असतानाच गेली. जिजीनं दोन्ही पोरं एका ताटात जेवू घालून वाढवली. पुढं जमिनी विकल्या, वाटण्या झाल्या, भावकीत फाटलं, आणि मेंबरांनी शेठच्या घरात पाऊल टाकायचं नाही असं ठरवून टाकलं. पण जिजी तर त्याच घरात. मग ती संध्याकाळी काठी टेकत बाहेर यायची आणि बाकड्यावर भिंतीकडे तोंड करून बसायची. थोड्या वेळानं मेंबर यायचे आणि शेजारी बसायचे. दोघं त्या भिंतीकडे बघत गप्पा मारायचे. मला माझ्या काउंटरवरून दोन पाठी दिसायच्या, एक हिरव्या लुगड्यातली आणि एक पांढऱ्या शर्टातली. घरात शेठला सगळं माहीत असणार. पण त्यांनी खिडकी कधी उघडली नाही.

जिजीला साखर, बीपी, गुडघे, सगळंच होतं. गोळ्यांसाठी रिक्षानं लांबच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, सकाळपासून रांगेत बसायचं. शेठ म्हणायचे खासगीत नेतो, गाडी काढतो. ती ऐकायची नाही. "सरकारी गोळीच लागू पडती मला," म्हणायची. एकदा रांगेतच चक्कर येऊन पडली. त्या संध्याकाळी बाकड्यावर मेंबरांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"जिजे, तुझ्या दारात दवाखाना आनतो. चालत जाशील. मेंबर हाय मी, कुनी भिकारी न्हाई."

"आधी आन, मंग बोल," जिजी म्हणाली.

आणि आणला त्यांनी, खोटं कशाला बोला. चौकातच, देवळाच्या बाजूला जुनी चावडी पाडून. महापालिकेत टेबलाटेबलापुढं जाऊन बसले, इंजिनियरच्या केबिनबाहेर डबा खाल्ला, स्लॅबच्या दिवशी सळ्या कॅलिपरनं मोजल्या. ह्या कामाला शेठनीही आडकाठी केली नाही. बांधकाम झालं, रंग झाला, खाटा आल्या, खिडक्यांना जाळ्या बसल्या. आणि मग कुलूप लागलं.

कारण नाव. आमच्याकडे वास्तूला नाव दिल्याशिवाय ती उघडत नाही. मेंबरांचं म्हणणं, काम माझं, तर माझ्या आईचं नाव. शेठचं म्हणणं, चावडीवर उमर काढली माझ्या बापानं, तर बापाचं नाव. सभेत विषय आला की हे दोघं उभे राहायचे आणि विषय तहकूब व्हायचा. पुढची सभा, पुन्हा तहकूब. दोघांनीही माझ्याकडे अभिनंदनाचे फ्लेक्स छापून ठेवले होते, माझ्या माळ्यावर एकाशेजारी एक गुंडाळलेले. आणि जिजी दर महिन्याला त्या कुलपासमोरून रिक्षात बसून लांबच्या दवाखान्यात जायची. मला चीड यायची राव. वाटायचं, दोघांनाही एकदा त्या रांगेत बसवावं.

नगरसेवकांची मुदत संपत आली. निवडणुका लांबणार, प्रशासक येणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मग कसला विषय आणि कसलं नाव! एका सकाळी मेंबर दुकानात आले, फ्लेक्सचं नाव काढलं नाही, कॅलिपरही काढलं नाही.

"पेंटर, आज सभेला चल. गॅलरीत बस."

"का हो?"

"जिजी काल बोलली न्हाई माज्यासंगं. बसली, आन उठून गेली."

मी शटर ओढलं आणि गेलो. वरून सभागृह बघायला मजा येते, सगळी टकलं आणि मोबाइल. दवाखान्याचा विषय आला. शेठ नेहमीप्रमाणे उठायच्या तयारीत. पण मेंबर आधी उठले आणि महापौरांकडे बघून म्हणाले, "माझी उपसूचना आहे. दवाखान्याला माझ्या चुलत्यांचं नाव देण्यात यावं." आणि शेठच्या वडिलांचं पूर्ण नाव घेतलं.

महापौर हसल्या, आता सुटलं म्हणून. एका बाईनं बसल्या जागेवरून अनुमोदनही दिलं. मी गॅलरीत डोळे पुसायला रुमाल काढला, खरंच सांगतो.

तेवढ्यात शेठ उठले. चेहरा लालबुंद. "महापौर, माझा ह्याला विरोध आहे."

"अहो, तुमच्याच वडिलांचं नाव आहे ना हे?"

"असू दे! सुचवतंय कोण ते बघा ना! ह्यात डाव आहे. विषय तहकूब करा, मी अभ्यास करून सांगतो."

सभागृह हसून लोळायचं बाकी राहिलं. मेंबर उभेच. ते दोनदा म्हणाले, "डाव न्हाई. डाव न्हाई, आईशप्पत." हे महापौरांकडे बघून नाही, सरळ शेठकडे बघून म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पण शेठला त्या तोंडात बहुतेक ते 'निष्ठावंत' दिसत असावं. शेठच्या बाजूच्यांनी गलका केला आणि विषय तहकूब झाला. ती शेवटची सभा होती. जगात कुठल्या माणसानं स्वतःच्या बापाच्या नावाला असा विरोध केला असेल? आमच्या शेठनी केला.

बातमी आमच्या आधी गावात पोचली. संध्याकाळी जिजी बाकड्यावर येऊन बसली, मेंबर आले. मी दुकानातून ऐकत होतो, कान देऊन, लपवत नाही.

"व्हय रं, धन्याचं नाव तू सांगितलंस?"

"व्हय."

"आन ह्यानं नको म्हनलं?"

"त्येला वाटलं डाव हाय."

जिजीनं काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "त्याचं चुकलंच. पर तूबी त्येला किती छळलास रं. येवढ्या खोड्या केल्यास, आता खरं बोललास तरी त्येनं कसं वळखावं?"

मेंबरांनी मान खाली घातली. साठी ओलांडलेला माणूस, पण पाठीमागून अगदी शाळकरी पोरासारखा दिसत होता. मला त्या दिवशी त्यांचं फार वाईट वाटलं. नंतर जिजी उठली आणि भिंतीकडे तोंड करून, आतल्या मुलाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाली, "आन तू बी आईक. बापाचं नाव नको म्हनलास. आता मला शेठची आई म्हनून कुनी हाक मारू नये." आत कुणीतरी टीव्हीचा आवाज बंद केला.

मुदत संपली. सगळे माजी झाले. गाड्यांवरच्या पाट्या निघाल्या, माझा धंदा अर्ध्यावर आला. मेंबर सकाळी झाकणं उचलून बघायचे, फोन करायचे, पण पलीकडून "बघतो" एवढंच यायचं. डिकीत नारळ मात्र होता, सुकला की बदलायचे. दवाखान्याच्या पायरीवर कुत्री झोपायची.

आणि एक दिवस, कुणाला काही न कळवता, तो उघडला. मी दुकानाचं शटर वर करत होतो तर समोर एक नर्सबाई कुलूप काढत होत्या. आत एक जण फरशी पुसत होता. दारावर पत्र्याची साधी पाटी: महापालिका दवाखाना, वेळ अमुक ते अमुक. बस्स, नाव नाही. ना मांडव, ना रिबीन. मी मेंबरांना फोन लावला.

ते स्कूटर घेऊन तसेच आले, हेल्मेटही काढलं नाही. डिकी उघडून नारळ बाहेर काढला. तेवढ्यात समोरच्या घरातून शेठ आले, बर्म्युडा आणि बनियनवर, हातात नारळ! देवळाच्या पायरीवरून उचललेला, त्याला हळद-कुंकू लागलेलं होतं. दोघं दारात एकदमच पोचले. दोघांनाही आत शिरता येईना, कारण दार एकच होतं.

आत पहिल्या बाकावर जिजी बसली होती. कधी आली कुणास ठाऊक. दंडाला बीपीचा पट्टा, तोंड गंभीर.

नर्सबाईंनी दाराकडे बघून विचारलं, "पेशंट कोण आहे तुमच्यात?"

जिजी म्हणाली, "दोगंबी न्हाईत. धडधाकट हायेत. नारळ भायेर ठिवा, आन दार सोडा, उजेड येऊ द्या."

दोघं बाजूला झाले. दारापाशी दोन बाजूंना, हातात नारळ धरून, देवळातल्या द्वारपालांसारखे. जिजी गोळ्या घेऊन बाहेर आली, दोघांच्या मधे थांबली.

"येक सांगून ठिवते. मी मेल्यावर माझं नाव कशालाबी देऊ नका. भांडाल."

एवढं बोलून ती चालत घरी गेली. स्वतःच्या पायांनी, रिक्षा नाही. मेंबर तिच्या पाठीकडे बघत राहिले. मी मोबाइल काढून म्हटलं, "मेंबर, एक फोटो काढू का, दवाखान्यासमोर?"

"नको," म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द फोटोसाठी निघाला, आणि तोही मी ऐकला. मला पटेचना.

जिजी त्या दवाखान्यात वर्षभर गेली असेल. मग दिवाळीच्या आधी झोपेतच गेली. आमच्याकडे माणूस गेला की संध्याकाळपर्यंत चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागतो, खाली शोकाकुल मंडळींचे फोटो, आणि त्यातही मोठा-लहान असतोच. मी वाट बघत बसलो. दोन्हीकडून कुणी आलं नाही. गल्लीतले दोन-तीन कार्यकर्ते आले तर त्यांना दोघांचा वेगवेगळा निरोप आलेला होता, छापायचं नाही. खांदा मात्र दोघांनी दिला, पुढचा, एक डावीकडून, एक उजवीकडून. बोलले नाहीत.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायला आलो तर बाकडं फिरवलेलं! सरळ केलेलं, रस्त्याकडे तोंड, आणि पाठीवर मेंबरांचं नाव ठळक दिसत होतं. कुणीतरी धुऊनही काढलं होतं. गडी कुणी लावले, ते चौकात सगळ्यांना माहीत होतं.

मेंबर आले. स्कूटर उभी केली आणि बाकड्याकडे बघतच राहिले. जवळ जाऊन वाकून बघितलं, खालून, बाजूनं. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "पेंटर, ह्यात काय डाव आसंल रं?"

मला इतका राग आला! "मेंबर, जिजी गेली हो. आता डाव कुणासाठी करायचा?"

ते जाऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून. रिक्षा जात होत्या, शाळेची पोरं जात होती, दवाखान्यात रांग लागली होती. येणारे-जाणारे नाव वाचत होते. ह्याच एका गोष्टीसाठी ह्या माणसानं महापालिकेत अर्ज केले होते. पण त्यांना चैन पडेना. सारखी मान वळवून मागे भिंतीकडे बघायचे. शेवटी उठले, माझ्याकडे आले.

"पेंटर, त्येला सांग. बाकडं होतं तसंच ठिव म्हनावं. भिंतीकडं."

"नाव दिसणार नाही मग."

"नसू दे. तसं बसलं की ती शेजारी हाय आसं वाटायचं."

मी रस्ता ओलांडून गेलो. शेठ दारातच उभे होते, डोक्याचं नुकतंच मुंडण झालेलं, त्यामुळे मोठा चेहरा आणखीच मोठा दिसत होता. मी निरोप दिला. त्यांनी ऐकला, आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत, मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "त्येला म्हनावं, आत येऊन सांग. च्या ठिवलाय."

मेंबरांनी ऐकलं. दुकानासमोर स्कूटर होती तिथं गेले, सवयीनं डिकी उघडली. नारळाकडे थोडा वेळ बघितलं. डिकी परत लावली, आणि रिकाम्या हातांनी शेठच्या घरात गेले.